वाजू दे

रविवारी अकराला टेबल मिळतं, कोकिळाच्या सुनेनं सांगितलं,
आणि ह्या खाण्याला ब्रंच म्हणायचं, तेही.
कोकिळा म्हणाली, आमच्यात ह्याला
सकाळी कुणी उठलंच नाही, असं म्हणतात.

भुसावळहून निघालो चौघी.
नशिराबाद मागे पडेपर्यंत रशीदाची ओढणी गाडीच्या दारात अडकून
बाहेर फडफडत होती, कुणाच्या लक्षात नाही.
जळगावात रिंगरोडला दुसरा मजला,
दाराशी केळीचे दोन खांब.
केळीच्या मुलखात, आणि प्लास्टिकचे.
सेल्वीनं एक पान चिमटून पाहिलं,
बोलली काही नाही.

मेनूकार्ड पाटीएवढं. अप्पम, पुट्टू, पनियारम.
तिघींनी सेल्वीकडे पाहिलं,
गणिताच्या पेपरला पुढच्या बाकाकडे पाहावं तसं.
तिचे अप्पा तिरुनेलवेलीहून येऊन गार्ड लागले
आणि पाच मुलींसकट रेल्वे क्वार्टरात राहिले ते राहिलेच.
तिनं कार्ड मिटलं.
'काय व माय, मला काय विचारता?
मी शेवभाजी सांगणार होते.'

मग बोट ठेवत गेलो, येईल ते येईल.
आलं. डोसा ताटाबाहेर दोन्हीकडून वीतभर,
अप्पम, मधे मऊ, कडेला जाळीदार,
चार वाट्या, वाफ.

आणि कुणीच हात लावेना.

'तू जेव आधी,' रशीदा मला म्हणाली.
'तू जेव,' मी कोकिळाला.
कोकिळा सेल्वीला.
मग एकदम कळलं, आणि हसताना
माझा चष्माच पडला चटणीत.

टेलिफोन एक्स्चेंज. अकरा वर्षं एक बोर्ड.
डब्याला वीस मिनिटं, एकेकीनं,
खुर्ची रिकामी ठेवायची नाही.
एक उठायची, दुसरी बसायची, हेडफोन अजून कोमट,
आणि तोंडापुढच्या त्या काळ्या भोंग्याला
आधीचीच्या जेवणाचा वास.
रशीदाचा लसूण. कोकिळाची कळण्याची भाकर, वर कांदा.
सेल्वीचं ते आंबट, खमंग, काय ते कधी विचारलं नाही;
त्याच वासात मी म्हणत राहिले
नाशिक बोला, अकोला बोला, तीन मिनिटं झाली.
मग यंत्रं आली. आम्ही चार बिलखिडक्यांवर चार गावांत.
एका ताटाशी चौघी?
लग्नांतसुद्धा नाही, कुणाची तरी ड्यूटी असायचीच.

मी सांबाराची वाटी नाकाशी नेली.
तोच.
सेल्वीनं एक घोट घेतला, पुन्हा घेतला,
वाटी खाली ठेवून वेटरला म्हणाली, आचाऱ्याला बोलाव.
तो घाबरत आला, खांद्यावर फडकं, चोपड्याकडचा पोरगा.
'मी सुरतमा शिकनू, मावशी. काही चुकनं का?'
'ह्यात काय घालतोस?'
त्यानं मालकाकडे पाहिलं, आवाज उतरवला:
'चिमूटभर काया मसाला.
नही तं लोके म्हनतस, पानचट शे.'

सेल्वी म्हणाली, शेजारच्या झोपेबाई
दर उन्हाळ्यात अम्माला बरणीभर द्यायच्या.
संपवायचा कशात, अम्माला दुसरं काही यायचं नाही.
एकदा तिरुनेलवेलीला गेलो, आत्यानं खरं सांबार वाढलं,
आम्ही पाची बहिणी रडलो,
हे बिघडलंय म्हणून.

पोरगा अजून उभाच. चुकलं की नाही, त्याला कळेना.
कोकिळानं त्याला अजून एक वाटी आणायला पिटाळलं.

मग जेवलो. मानेच्या मागून घाम,
एसी नुसता आवाजाला.
रशीदानं माझ्या ताटातलं उचललं, मी तिच्यातलं,
अप्पमच्या कडा कोकिळाला, मधलं सेल्वीला.
बिल येऊन पडलं होतं बडीशेपेखाली.

गल्ल्यावरचा फोन वाजला.
जुनी घंटी, हल्ली कोण ठेवतं.
चार हात ताटावर थांबले.
दुसऱ्यांदा वाजला. तिसऱ्यांदा.
सेल्वीनं बोटं चाटली.
वाजू दे, म्हणाली.